चलान आलं, आता घाई नको

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी सगळं मोबाइलवर असतं. तरी चौकात गाडी अडवणारा ‘मूळ कागद दाखवा’ म्हणून अडून बसतो. हा हट्ट नियमात बसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९ वा नियम डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची कागदपत्रं ग्राह्य धरतो. १ ऑक्टोबर २०२० पासूनची दुरुस्ती आणखी पुढे जाते: ऑनलाइन पडताळणीत तपशील बरोबर निघाला, तर छापील प्रती मागायच्या नाहीत. शिवाय तपासणीची वेळ आणि अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची, म्हणजे तीच गाडी पुढच्या नाक्यावर विनाकारण पुन्हा अडवली जाणार नाही. रात्रभर भाजीचा टेम्पो हाकणाऱ्यासाठी ही तरतूद फार मोलाची आहे, पण ती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

व्हॉट्सअॅपवर साठवलेल्या कागदाच्या फोटोला मात्र हे संरक्षण नाही.

ई-चलानात तर समोर बोलायलाही कुणी नसतं. स्कूटर साताऱ्यात दारात उभी आणि चलान मुंबईच्या सिग्नलचं, असं होऊ शकतं. कुणी तोच नंबर लावून फिरत असतो, किंवा तीनचा आठ वाचला गेलेला असतो. अशा वेळी कटकट नको म्हणून पैसे भरून टाकणं महागात पडतं. ती रक्कम कायद्याच्या लेखी तडजोडीची असते. भरली की आपली बाजू मांडायची संधी गेली. आधी वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर फोटो उघडून नंबर, रंग, मॉडेल, ठिकाण ताडून पाहावं. जुळत नसेल तर आरसी आणि आपल्या गाडीचा फोटो जोडून तिथेच तक्रार करावी. ती फेटाळली गेली तरी न्यायालयात जाता येतं, आणि गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे पोलिसांवर असते.

ही चीड काही एकट्यादुकट्याची नाही. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध राज्यात संप पुकारला. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असा आदेशही तेव्हा निघाला.

दंड कमी होतो म्हणून लोकअदालतीत गर्दी होते. चूक खरोखर झाली असेल तर ती वाट सोयीची. पण तिथला निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अंतिम असतो, त्यावर अपील नाही. चलानच चुकीचं असेल, तर तिथे तडजोड करण्याआधी तक्रारीचा निकाल लावून घ्यावा. किरकोळ नियमभंगाला पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा घडल्यास १,५०० रुपये दंड आहे, त्यामुळे न केलेली पहिली चूकही आपल्या नावावर राहू देऊ नये.