चावडीवरची नोटीस आता मोबाईलवर. ऊसतोडीला जाण्याआधी जमिनीचा फेरफार असा तपासा

दिंद्रुड (प्रतिनिधी) : दसरा झाला की आपल्या भागातल्या टोळ्या कारखान्याकडं निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, घराला कुलूप, म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी मागं राहतात. नेमक्या ह्याच पाच-सहा महिन्यांत गावात कागदोपत्री बरंच काही घडून जातं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमिनीचा फेरफार. त्याची नोटीस चावडीवर पंधरा दिवस लागते आणि मग निघते. वाचणारा फडात असेल तर त्याला कळायचं कसं?

आमच्या भागातलं एक उदाहरण सांगतो, नाव-गाव नको. तीन भाऊ. वडील श्रावणात वारले. मधला भाऊ बायकोसह ऊसतोडीला गेला. इकडं वारस नोंदीचा अर्ज झाला, त्यात मधल्याचं नावच नाही. बहिणींचंही नाही. मुदतीत कोणाची हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली. गडी पाडव्यानंतर परत आला, पीककर्जासाठी सातबारा काढला तेव्हा त्याला कळलं. "मला नोटीसच आली नाही" असं तो सारखा म्हणत होता. त्याचं खरं होतं, आणि नोटीस लागली होती हेही खरं होतं. दोन्ही कसं खरं असू शकतं, ते समजून घेतलं पाहिजे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, त्यातलं कलम १५०. जमिनीत बदल झाल्याची खबर आली की तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद करतो. त्याच वेळी त्या नोंदीची पूर्ण प्रत चावडीत सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायची आणि हितसंबंध असणाऱ्यांना लेखी कळवायचं. पण हितसंबंध असणारे म्हणजे कोण? तर अधिकार अभिलेखावरून, म्हणजे सातबारा आणि फेरफारावरून जे दिसतात ते. सातबारावर वडिलांचं एकट्याचं नाव असेल आणि वारसाच्या अर्जात तुमचं नाव कोणी घातलंच नसेल, तर कागदावर तुम्ही कुठंच दिसत नाही. मग लेखी नोटीस तुमच्या नावानं निघणार कशी? अशा माणसासाठी चावडीवरची नोटीस हाच एक मार्ग उरतो. सासरी गेलेल्या बहिणीचंही नेमकं असंच होतं.

पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा, हलगीचा आवाज आला की माणसं दाराबाहेर यायची. आता चावडीवरच्या फळ्याकडं कोण बघतं? कागद पावसानं भिजतो, नाहीतर त्यावर दुसरा कागद चिकटतो.

म्हणून शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर 'आपली चावडी' नावाची सोय आहे, ती माहीत असू द्या. पैसे लागत नाहीत. मोबाईलवर गुगलमध्ये मराठीत 'आपली चावडी' टाका आणि महाभूमीचंच पान उघडा. त्याच्यासारखी दिसणारी दुसरी पानं आणि ॲप पैसे किंवा ओटीपी मागतात, त्यांच्या नादी लागू नका. पानावर जिल्हा बीड, तालुका माजलगाव, मग आपलं गाव निवडायचं. खाली दिसतात ती अक्षरं जशीच्या तशी टाकायची. मग गावात सध्या नोटिशीवर असलेल्या फेरफारांची यादी येते. फेरफार क्रमांक, प्रकार (खरेदी, वारस, बोजा वगैरे), तारीख, हरकत घेण्याची शेवटची तारीख आणि गट नंबर. त्यात आपला गट नंबर आहे का, एवढंच बघायचं. असेल तर तिथंच नोटीस उघडून वाचता येते.

रेंज असली तर कोल्हापूरच्या फडातून नाहीतर कर्नाटकातूनही हे काम दोन मिनिटांचं आहे. पंधरा दिवसांची मुदत असते, त्यामुळं महिन्यातून एकदा बघून भागत नाही. दर आठ-दहा दिवसांनी बघावं. घरात नववी-दहावीचं पोरगं असेल तर त्याच्याकडं हे काम देऊन टाका, त्यांना मोबाईल आपल्यापेक्षा चांगला कळतो.

दुसरी एक खूण सातबारावरच असते. नव्या नमुन्यातल्या सातबारावर 'प्रलंबित फेरफार' अशी ओळ असते आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीखही असते. प्रलंबितच्या पुढं 'नाही' असेल तर सध्या काही चालू नाही. तिथं क्रमांक दिसला तर चौकशी करा. शेवटच्या फेरफाराची तारीख आपल्या माहितीपेक्षा नवी दिसली तरीही करा. नुसता बघण्यापुरता सातबारा भूलेखवर फुकट दिसतो, डिजिटल सहीचा पाहिजे असेल तर १५ रुपये.

आता हरकतीचं. बरेच जण म्हणतात, वकील लावावा लागतो. सुरुवातीला अजिबात नाही. हरकत तोंडी दिली तरी चालते असं कायद्यातच आहे. तरी माझं म्हणणं, लेखीच द्या. साध्या कागदावर फेरफार क्रमांक, गट नंबर, आपलं नाव, जमिनीशी नातं काय आणि हरकत कशासाठी, एवढं लिहायचं. "मी मयताचा मुलगा असून माझे नाव वारसात घेतलेले नाही" हे एक वाक्य दोन पानांच्या भांडणापेक्षा जास्त कामाला येतं. सोबत आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, नातं दाखवणारं जे असेल ते जोडा. आणि पोच घ्या. हरकत आल्याबरोबर लेखी पोच देणं हे तलाठ्याचं काम आहे, ती काही मेहेरबानी नाही. पोच नसेल तर उद्या तुमच्याकडं दाखवायला काही राहत नाही.

हरकत आली की नोंद विवादग्रस्त होते, ती गाव नमुना ६ अ मध्ये जाते. दोन्हीकडच्यांना नोटीस निघते, सुनावणी होते, मग निर्णय. शक्यतो एक वर्षाच्या आत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. हरकत आलीच नाही तर मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो.

मुदत गेली, नोंद मंजूर झाली, मग काय? वर सांगितलेल्या गड्यानं कपाळाला हात लावला होता, पण वाट बंद होत नाही. अशा नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, म्हणजे आपल्याला माजलगावला, अपील करता येतं. त्याला ६० दिवसांची मुदत आहे. ती उलटली असेल तर उशीर का झाला याचं कारण देऊन विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो. ऊसतोडीला बाहेर होतो हे कारण असेल तर त्याचा पुरावा जपून ठेवा, मुकादमाशी झालेला करार, कारखान्याची पावती, काहीही. आणि एक लक्षात घ्या, फेरफार ही महसुली नोंद आहे. नाव निघालं म्हणून वडिलांच्या जमिनीतला हक्क संपत नाही, मालकीचा वाद दिवाणी कोर्टात चालतो. पण कर्ज, पीकविमा, अनुदान हे सगळं सातबारा बघूनच मिळतं, म्हणून नाव नसल्याची झळ लगेच बसते.

बहिणींच्या बाबतीत तर गावात अजून घोळ आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क, हे २००५ च्या दुरुस्तीनं झालं, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिनं राजीखुशीनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागतं. "ती काही मागत नाही" म्हणून अर्जात तिचं नावच लपवायचं, ह्याला हक्कसोड म्हणत नाहीत.

वडील किंवा आई वारली असेल तर मुळात वाट बघू नका. वारसाहक्कानं जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला खबर द्यायची असते (कलम १४९). मृत्यूचा दाखला घेऊन सगळ्या वारसांची नावं घालून टोळी निघण्याआधी अर्ज द्या, म्हणजे मागं कोणी काही करायचा प्रश्नच राहत नाही. बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज फेडलं असेल तर बोजा कमी झाला का, तेही त्याच वेळी सातबारावर बघून घ्या. खरेदीखत केलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून खबर ऑनलाईन जाते, पण नोंद झाली का हे डोळ्यानं बघितलेलं बरं.

 गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते, ती ग्रामपंचायतीत बघता येते.

ग्रामसभेच्या नोटिशीचंही थोडं सांगतो. वर्षात किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत आणि साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही! म्हणजे वीस-पंचवीस जणांतही विषय मंजूर होतात. २६ जानेवारीच्या सभेला अर्धी गल्ली फडात असते. घरकुलाच्या यादीचा विषय अशाच सभेत येऊ शकतो, तेव्हा घरी राहिलेल्या मतदारानं, म्हातारी असली तरी, सभेला जाऊन बसावं आणि नाव वाचलं का ते ऐकावं.

यंदा टोळ्या निघायच्या आत सातबारा काढा, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक कुठंतरी लिहून ठेवा. परत आल्यावर तोच क्रमांक आहे का, हे मिळवून बघायला सोपं जातं.