शकुंतला, पानिपत आणि उजवी सोंड

यवतमाळला १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं, तेव्हा जयंत नारळीकर हे नाव सगळ्यांना ठाऊक होतं ते खगोलशास्त्रज्ञ म्हणून, कथालेखक म्हणून नव्हे. पुढच्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटीकडून वाचा, जयंत विष्णू नारळीकर सापडतात. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून दिली होती. पहिलं बक्षीस जगतापांनी पटकावलं.

केंब्रिजला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल. आकाशातल्या एका विचार करणाऱ्या काळ्या ढगावर हॉयल यांनी १९५७ साली कादंबरी लिहिली होती, म्हणजे वाट गुरूचीच. पण मराठी वाचक नारळीकरांवर जीव टाकतो तो काही गुरूमुळे नाही. पात्रं म्हणाल तर त्यांची बरीचशी पुठ्ठ्याचीच असतात. बोलायला लागली की फळ्यासमोर उभी आहेत असं वाटतं. तरीही पुस्तक हातातून सुटत नाही, कारण हा माणूस आपलं ओळखीचं सगळं जग जागच्या जागी ठेवतो आणि एकच खिळा हळूच काढून घेतो.

'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकच्या धडकेत सापडतात आणि पोचतात दुसऱ्याच हिंदुस्थानात. तिथे १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही. ती कानाला चाटून गेली. तेवढ्याने मराठे जिंकले, पेशवाई टिकली, इंग्रज मुंबईपुरते उरले आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार तिथे अजून सुरू आहे. पंत परत येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं. गोळी हुकल्याचा मजकूर त्याच पानावर.

मुंबईत अजून कंपनी आहे, हे वाचून बाकीचा महाराष्ट्र दचकतो. यवतमाळकराने इतकं दचकायचं कारण नाही. आपली शकुंतला, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज, वऱ्हाडचा कापूस वाहायला इंग्रजी अमदानीत टाकलेली. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण हा रूळमार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाड्या भारतीय रेल्वे चालवी आणि त्यापोटी पैसे त्या खासगी कंपनीला मोजी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत या रुळांवर धावत होतं. गंगाधरपंतांना एवढा अपघात करून घ्यावा लागला. मूर्तिजापूरचं तिकीट काढलं असतं तरी काम भागलं असतं.

पंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे या साऱ्याचा उलगडा क्वांटम सिद्धांताने करतात. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. मग एका शक्यतेत तो इथे, दुसरीत तिथे, आणि दोन्ही जगं खरी मानली तर? अणूच्या पोटातली ही गोष्ट लेखकाने एका बंदुकीच्या गोळीला लावली. वाचक थरारतो तो इथे.

अद्भुताची गोडी आपल्याला लागली होती ती आधीच. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. नारायण धारप, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांची पुस्तकं वाचनालयांतून हातोहात फिरली. प्रत्येकाचा भक्तगण निराळा. माझं माप मात्र नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'कडे झुकतं. त्यात क्रिकेट आहे, गोलंदाज आहे, गणपतीची मूर्ती आहे आणि डाव्याचं उजवं होण्याचं गूढ आहे.

ते गूढ घरी करून पाहता येतं. वहीच्या पारदर्शक प्लॅस्टिक कव्हरची लांब पट्टी कापा. एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. मोबियस या जर्मन गणितज्ञाने १८५८ साली अभ्यासलेली पट्टी ती हीच. आता कव्हरच्याच छोट्या तुकड्यावर डाव्या सोंडेचा गणपती काढा. मुकुट पट्टीच्या लांबीच्या दिशेने ठेवा, नाहीतर बाप्पा शेवटी डोक्यावर उभे राहतात. तुकडा पट्टीला टेकवून, न उचलता, सरकवत न्या. एक फेरी पुरी झाली की तो मूळ जागेच्या पाठीमागे येतो. आरपार पाहा : सोंड उजवीकडे!

पट्टीवरच्या सपाट चित्राला तिसरी मिती ठाऊक नसते. त्याला वाटतं आपण सरळच चाललो. तसाच पीळ आपल्या तीन मितींच्या अवकाशाला पडलेला असला, तर त्यातून फेरी मारून येणाऱ्या माणसाचं हृदय उजवीकडे गेलेलं असेल आणि डावखुरा उजवा झालेला असेल. खरी पंचाईत पुढेच. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची असतात आणि ग्लुकोज उजव्या वळणाचं. पाचक रसांची घडणही त्यालाच जुळणारी. उलटून आलेल्या माणसाचे पाचक रसही उलटे. त्याला कळंबच्या चिंतामणीचं दर्शन घडवा, घरी आणून ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा वाढा. पोट भरेल, अंगी लागणार नाही. वळणाचा प्रश्नच येत नाही अशा दोनच गोष्टी त्या पानावर सापडतील : कोपऱ्यातलं मीठ आणि तांब्यातलं पाणी.