विश्लेषण : आजोबांच्या रेकॉर्ड कोणत्या यंत्रावर वाजवाव्यात?

माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड काढून ऐकण्याची हौस अनेकांना असते. मात्र चुकीच्या यंत्रावर एकदा वाजवली, तरी रेकॉर्ड कायमची खराब होऊ शकते.

रेकॉर्ड कशी ओळखावी?
मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या बहुतांशी लाखेच्या. त्या जड असतात आणि पडल्या की फुटतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटांचेच गाणे मावते. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबियाने आणलेली एलपी व्हायनिलची. ती हलकी, किंचित लवचीक असते. तिचे मिनिटाला ३३⅓ फेरे होतात आणि एक बाजू वीसेक मिनिटे चालते.

यंत्र बदलल्यास काय बिघडते?
चावीच्या ग्रामोफोनमध्ये पोलादी सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार असतो. आजच्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये तो साधारण दोन ग्रॅम. त्यामुळे ग्रामोफोनवर एलपी लावल्यास तिच्या खाचा अक्षरशः खरवडल्या जातात.

७८ची रेकॉर्ड आजच्या प्लेअरवर चालेल?
चालेल, पण त्यात ७८चा वेग हवा आणि सुईही वेगळी हवी. या तबकडीची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. ७८साठीच्या सुईचे टोक सुमारे तिप्पट जाड असते.

साफ कशी करावी?
लाखेच्या तबकडीला अल्कोहोल, स्पिरिट लावू नये; लाख विरघळते. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने धूळ काढावी. रेकॉर्ड एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर.