जिनिंगमधला सोमवार

पहाटे ५
नाचणगावात जानेवारीची थंडी आहे. जिनिंगमध्ये रोजीनं जाणारी ती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, मोडून चुलीत सारते. दवानं ओलसर झालेली काडी आधी धुरावते, मग पेटते. गॅस आहे, पण तो पाहुण्यांसाठी आणि घाईच्या चहासाठी. सिलिंडर महाग आणि तिची रोजी तीनशे. पऱ्हाटी शेतातून फुकट मिळते. धूर कवेलूंच्या फटींतून निघतो आणि गल्लीतच रेंगाळतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार नि जड असते, वर उबदार थर बसतो, त्यामुळे धुराला वाट मिळत नाही. धूर घराबाहेर नेणारी मगनचूल इथून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत घडली. या घरापर्यंत ती आली नाही.

सकाळी ७:३०
डब्यात पोळी आणि वांग्याची भाजी. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, नाकातोंडावर दुपट्टा. मास्क मागितला तर मिळतो, पण घामानं भिजला की श्वास कोंडतो. पुलगावच्या बंद पडलेल्या कापड गिरणीत तिचे सासरे होते. तेही खोकायचे.

सकाळी ८:१५
जिनिंगमध्ये कापसाच्या ट्रॉल्या रिकाम्या होतात. सरकी वेगळी करणारे रेचे सुरू झाले की बोलणं हातवाऱ्यांवर येतं. चामड्याचे रोलर रुई ओढून घेतात, सरकी खाली पडते. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४-३५ किलो. तिचं काम कवडी वेचायचं. पिवळा पडलेला कापूस, पालापाचोळा, सुतळी, गुटख्याच्या पुड्या, सगळं हातानं. मग झाडू आणि पाटी. अर्ध्या तासात तिच्या पापण्या पांढऱ्या होतात.

पांढरा दिसणारा हा तंतू बहुतेक नाकातच अडकतो. खरा घात करते ती न दिसणारी भुकटी. बोंडाभोवतालची वाळकी पानं चुरडून ती होते. तिच्यावर जिवाणूंचं विष असतं आणि ते थेट फुप्फुसात उतरतं. बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांसाठी आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. या शेडमध्ये मोजमापाचं यंत्र मला कुठं दिसलं नाही. दिसला तो भिंतीवरचा एक पंखा, आणि तो धूळ बाहेर ओढण्याऐवजी आतच फिरवत होता.

सकाळी ११:३०
ती पोत्यावर टेकते. "भाऊ, रविवारी बरं असते. सोमवार आला का छाती आवळते. बुधवारपर्यंत मोकळी होते."
डॉक्टरांच्या पुस्तकातही हेच लिहिलं आहे. बिसिनोसिस हा आजार असाच सुरू होतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामाला लागल्यावर काही तासांनी. पुढे मंगळवारही जड जातो, मग आठवडा सगळा सारखाच. तिथून फुप्फुस मागं फिरत नाही. वेळीच धुळीतून बाहेर काढलं तर माणूस वाचतो, म्हणून सोमवारची ही तक्रार कुणीतरी लिहून घेतली पाहिजे.

दुपारी १
जेवणानंतर सगळ्याजणी गुळाचा खडा तोंडात धरतात. घशातली धूळ उतरते म्हणतात. घसा ओला होतो हे खरं, पण छातीतलं गुळानं निघत नाही.

दुपारी ३
एक रोलर काढून घासायला घेतला आहे. करडी भुकटी उडते. रोलरचं हे चामडं क्रोमियमनं कमावलेलं असतं. त्याला पर्याय म्हणून क्रोमियमविना रोलर संशोधकांनी तयार केले आहेत. घासणाऱ्या पोराच्या तोंडावर साधा रुमाल आहे.

संध्याकाळी ६
प्रेसमधून १७० किलोची गाठ बाहेर पडते. तिला तीनशे रुपये मिळतात. वीस रुपयांच्या खोकल्याच्या गोळ्या, दहाचा पाव. परतताना वाटेत कुणीतरी धुऱ्यावर पऱ्हाटी पेटवली आहे. शेत लवकर मोकळं करायचं असेल. ती दुपट्टा पुन्हा वर ओढते.

रात्री ८:३०
पिशवीतून ती एका दवाखान्याचं जुनं कार्ड काढते. व्यवसायापुढे लिहिलंय 'शेतमजुरी'. कापसाच्या धुळीचा आजार कामगारांच्या भरपाईसाठी कायद्यात नोंदलेला आहे, पण या कार्डावर जिनिंगचं नावच नाही. मी तिला ते सांगतो. ती कार्ड नवऱ्याला दाखवते, दोघं हिशेब करतात. एक रोजी बुडेल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, वर्ध्याहून पुढे सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत ऑटो.
"बुधवारी जातो," ती म्हणते.
"बुधवारी तर तुले बरं वाटते," नवरा म्हणतो. "सोमवारीच जा. आवळली असतानाच दाखव."
पुढचा सोमवार ठरतो.