मधली पायरी: मुंबई ओपन

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या टेनिस कोर्टवर एकोणीस वर्षांच्या एका बेलारूसी मुलीनं मुंबई ओपनच्या अंतिम सामन्यात दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असं हरवलं. अरिना सबालेंका हे नाव तेव्हा टेनिसच्या बातम्या नेमानं वाचणाऱ्यांनाच माहीत होतं. जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी फेड चषकाच्या अंतिम लढतीत तिनं अमेरिकन ओपनची विजेती स्लोन स्टीफन्स हिला हरवलं होतं. तरीही वर्ष संपत आलेलं असताना ती क्रमवारीच्या गुणांसाठी मुंबईला आली. पुढे तिनं ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपन प्रत्येकी दोनदा जिंकली आणि ती जगात पहिल्या क्रमांकावरही गेली.

मुंबई ओपनची ओळख करून देताना सगळे हीच गोष्ट सांगतात, आणि सांगावी अशीच ती आहे. माझ्या मते मात्र या स्पर्धेचं खरं मोल अंतिम सामन्यात नाही, पहिल्या दोन-तीन दिवसांत आहे. बाजूच्या कोर्टवर, थोड्याशा प्रेक्षकांपुढे भारतीय मुली परदेशी खेळाडूंशी भिडतात, तेव्हा ही स्पर्धा आपलं मुख्य काम करत असते.

हे समजायला महिला टेनिसची शिडी पाहावी लागते. तळाशी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या बक्षिसांच्या स्पर्धा. वर २५०, ५००, १००० अशा चढत्या दर्जाच्या डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या, स्पर्धा आणि टोकाला चार ग्रँड स्लॅम. महासंघाच्या स्पर्धा आणि डब्ल्यूटीए २५० यांच्या मधली पायरी म्हणजे ‘डब्ल्यूटीए १२५’. सुरुवातीला बक्षिसाची रक्कम सव्वा लाख डॉलर होती, त्यावरून हे नाव आलं. मुंबई ओपन याच पायरीवरची. एकेरीच्या मुख्य फेरीत ३२ जणी. सध्याच्या नियमानं पहिल्याच फेरीत हरणारीला एक गुण, एक सामना जिंकणारीला पंधरा, विजेतीला १२५. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २००० मिळतात, हे पाहिलं की पंधरा गुण क्षुल्लक वाटतात. पण क्रमवारीत तीनशेच्या आसपास असलेल्या मुलीला हेच पंधरा गुण पुढच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचं दार उघडून देतात. शिवाय ५२ आठवड्यांनी ते गळून पडतात, म्हणजे दर वर्षी नव्यानं कमवावे लागतात. युरोप-अमेरिकेतली मुलगी त्यासाठी दुसऱ्या गावी जाते, आपली मुलगी दुसऱ्या खंडात. व्हिसा, विमान, हॉटेल, प्रशिक्षकाचा खर्च, आणि सोमवारी हरली की मंगळवारी परतीचा रस्ता.

म्हणूनच घरच्या स्पर्धेतलं वाइल्ड कार्ड मोलाचं. क्रमवारीच्या बळावर जिला थेट प्रवेश मिळाला नसता, तिला यजमानांच्या वाट्याच्या मोजक्या जागांमधून मुख्य फेरीत खेळता येतं. २०२४ मध्ये सहजा यमलापल्लीनं पहिल्याच फेरीत अग्रमानांकित अमेरिकन कायला डे हिला घरी पाठवलं. २०२५ मध्ये कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून वर येत थेट उपांत्य फेरीत पोहोचली. तिथं तिला स्वित्झर्लंडच्या जिल टाइखमननं थांबवलं आणि पुढे चषकही टाइखमननंच नेला. दोन्ही वेळा मुख्य बातमी विजेतीची होती. मला मात्र सहजाचा तो एक सामना आणि मायाचा तो आठवडा अधिक मोठा वाटतो.

अंतिम सामन्यांनाही रंग कमी नव्हता. २०१८ मध्ये थायलंडच्या लुकसिका कुमखुमनं पहिला सेट १-६ असा गमावूनही विजेतेपद मिळवलं. २०२४ मध्ये लॅटव्हियाच्या दार्या सेमेनिस्ताया हिच्यासमोर स्टॉर्म हंटर होती, काही महिन्यांपूर्वी दुहेरीत जगात पहिली आलेली. पहिला सेट गेला, दुसरा टायब्रेकरमध्ये निसटता वाचला आणि तिसरा दार्यानं ६-२ असा घेतला.

पण २०१८ नंतर थेट २०२४. मधली पाच वर्षं मुंबईत ही स्पर्धा झालीच नाही. टेनिसमध्ये पाच वर्षं म्हणजे एका मुलीचा सोळा ते एकवीस हा सगळा घडणीचा काळ. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेनं ही स्पर्धा पुन्हा उभी केली, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पुण्याचंही असंच झालं होतं. १२५ दर्जाच्या स्पर्धा २०१२ मध्ये सुरू झाल्या त्या तैपेई आणि पुणे या दोनच शहरांत. पुण्याच्या बालेवाडीतल्या अंतिम सामन्यात अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनानं बेचाळीस वर्षांच्या किमिको दातेला हरवलं, तेही ६-२, ६-३ असंच. स्वितोलिना पुढे जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पुण्याच्या वाट्याला मात्र ही स्पर्धा पुढच्या वर्षी आली नाही. त्यामानानं पुण्याच्याच डेक्कन जिमखान्यावरची आंतरराष्ट्रीय महासंघाची एनईसीसी स्पर्धा वर्षानुवर्षं टिकली, म्हणून तिच्याबद्दल मला विशेष आदर आहे. दर्जा खालचा असेल, पण हिवाळ्यात ती असणार हे मुलींना ठाऊक असतं.

महाराष्ट्रात मुली टेनिस खेळतात, ही काही आजची गोष्ट नाही. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळत. त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकला, असं करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ते घर मुंबईतलं आणि सुस्थितीतलं. आजच्या मुली दूरच्या गावांतून येतात. प्रार्थना ठोंबरे बार्शीची. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत तिनं दुहेरीत कांस्यपदक मिळवलं आणि २०२५ च्या मुंबई ओपनमध्ये दुहेरीची अंतिम फेरी गाठली. ऋतुजा भोसले श्रीरामपूरची, हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीची सुवर्णविजेती.

बार्शी, श्रीरामपूर यांच्या पुढचं नाव यवतमाळचं का असू नये? यवतमाळच्या मुलीला मुंबई गाठायची तर आधी रस्त्यानं धामणगाव, मग तिथून रात्रभराची रेल्वे. तिच्यासाठी मधली पायरी फार दूर, कारण तळाच्याच पायऱ्या तिच्या भागात विरळ आहेत. हार्ड कोर्ट, त्यावर रोज खेळून घेणारा प्रशिक्षक आणि नागपूर-अमरावतीच्या टापूत दर वर्षी न चुकता होणाऱ्या छोट्या स्पर्धा, एवढं तरी हवं. घराजवळच्या स्पर्धेनं काय साधतं ते आधीही दिसलंय: सानियानं २००५ मध्ये हैदराबादला डब्ल्यूटीएचं एकेरी विजेतेपद पटकावलं. भारतीय महिलेचं आजवरचं ते एकमेव, आणि तेसुद्धा तिच्या स्वतःच्या शहरात.

एप्रिल २०२५ मध्ये बिली जीन किंग चषकाची (म्हणजे पूर्वीच्या फेड चषकाची) आशिया-ओशनिया गटाची फेरी पुण्यात बालेवाडीला झाली. भारतीय संघात सहजा, अंकिता रैना, श्रीवल्ली भामिदिपती आणि प्रार्थना याही होत्या, या चौघीही मुंबई ओपनच्या कोर्टवर खेळून आलेल्या. श्रीवल्लीनं आपले पाचही एकेरी सामने जिंकले आणि भारत प्ले-ऑफसाठी पात्र ठरला.