वनस्पती तुपाकडून संगणकाकडे

बँकेतली, कारखान्यातली चांगली कायम नोकरी सोडून मुलगा किंवा सून म्हणू लागली, "मी संगणकाच्या क्षेत्रात जाणार, बंगळूरला", की घरात पहिला प्रश्न उठतो: मग इतक्या वर्षांचा अनुभव वाया जाणार का?

या प्रश्नाचे उत्तर जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला मिळते. महंमद हाशम प्रेमजी यांनी १९४५ मध्ये तेथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अमेरिकेत शिकणारा त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट टाकून परतला. तूप-साबणाचा धंदा त्याने सांभाळला. १९७८ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला आणि संगणकाच्या बाजारात मोठी जागा रिकामी झाली. ती संधी प्रेमजींनी साधली. बंगळूरमध्ये इंजिनियर जमवून संगणकाचा व्यवसाय उभा केला. हीच आजची विप्रो!

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. तूप-साबणाचा धंदा त्यांनी बंद केला नाही. नवा धंदा पायावर उभा राहीपर्यंत जुन्याचा आधार होता.

माणसांचेही तसेच. अशोक सूता हैदराबादच्या श्रीराम रेफ्रिजरेशनचे प्रमुख होते. तोट्यातली ती कंपनी त्यांनी नफ्यात आणली. १९८४ मध्ये ते विप्रोच्या संगणक विभागात आले आणि १९९९ पर्यंत त्याची धुरा वाहिली. धंदा कसा चालवायचा, हे त्यांना नव्याने शिकावे लागले नाही.

बँकेसाठी प्रोग्रॅम बनवताना व्याजाची आकारणी आणि खात्यांचे व्यवहार जाणणारा माणूस लागतोच. तेव्हा आपले जुने ज्ञान कुठे उपयोगी पडेल, ते आधी शोधा.

पण नुसता अनुभव पुरत नाही. नवे तंत्र शिकावेच लागते, सुरुवातीचा पगार कमी असू शकतो आणि या क्षेत्रातही नोकऱ्या जातात. म्हणून नोकरी सांभाळून संध्याकाळी शिका. 'नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासची फी कर्ज काढून भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. घरच्यांसमोर हा हिशेब मोकळेपणाने मांडलात, तर विरोध करणारे वडीलच उद्या पाठीशी उभे राहतील.

राजीनामा ही पहिली पायरी नव्हे, शेवटची!