पेशीला लागलेली खोटी भूक

दक्षिण चीनच्या डोंगरउतारांवर आणि आपल्याकडे सिक्कीमच्या बाजूलाही निळ्याजांभळ्या फळांचं एक झुडूप उगवतं. त्याच्या वाळलेल्या मुळाला चिनी वैद्य ‘छांगशान’ म्हणतात. मूळ कठीण, पिवळसर, वेडंवाकडं. त्यातल्या उत्तम मालाचं नाव ‘कोंबडीच्या हाडाचं छांगशान’. हे नाव लक्षात असू द्या, कोंबडी पुढे पुन्हा भेटणार आहे.

चीनच्या सर्वांत जुन्या औषधी ग्रंथात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हे मूळ तापावरचं औषध म्हणून नोंदलं गेलं. १९४२ साली जपानने जावा बेट घेतलं आणि तिथून येणारा कोयनेलचा पुरवठा तुटला, तेव्हा चिनी डॉक्टरांनी छांगशान हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिलं. ताप उतरायचा, पण रोगी उलट्यांनी बेजार व्हायचा. १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातलं गुणकारी द्रव्य वेगळं काढल्याचं जाहीर केलं. त्याचं नाव फेब्रिफ्युजिन. पुढे त्याच रेणूवर ब्रोमिन आणि क्लोरिनचे अणू बसवून हॅलोफ्युजिनोन तयार झालं आणि ते गेलं पोल्ट्रीच्या खाद्यात, पिल्लांच्या रक्ती हगवणीवर.

इथवरची गोष्ट एखाद्या जुन्या वनौषधीची असते तशीच आहे. मी थक्क होतो ते इथून पुढे.

आपल्या शरीरात टी-एच-१७ नावाच्या रोगप्रतिकारक टी-पेशी असतात. आतडं, कातडी अशा सीमांवर त्या बुरशी आणि जिवाणूंना अडवतात. पण त्या अतोनात वाढल्या की कुंपणच शेत खायला लागतं. सोरायसिसमध्ये त्यांचा हात असतो, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही. २००९ साली बोस्टनच्या संशोधकांना दिसलं, की हॅलोफ्युजिनोन अगदी थोडं दिलं तर कोवळ्या टी-पेशींना टी-एच-१७ होता येत नाही. त्याच मात्रेत टी-पेशींचे इतर प्रकार मात्र बिनदिक्कत तयार होत राहतात. उंदरांमधला मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजारही त्याने सौम्य झाला.

हे घडतं कसं, ते पाहायला पेशीच्या आत शिरावं लागतं. पेशी प्रथिनं विणते ती अमिनो आम्लांचे मणी ओवून. प्रत्येक मण्याला वाहून आणणारा हमाल ठरलेला असतो, त्याला टी-आरएनए म्हणतात. हमालाच्या पाठीवर योग्य तो मणी चढवायला एक एन्झाइम असतं. प्रोलिन नावाच्या मण्याचंही असं स्वतंत्र एन्झाइम आहे. हॅलोफ्युजिनोन नेमकं त्याच्याच जागेत जाऊन बसतं. प्रोलिन आजूबाजूला असतं, पण ते चढवणारं कोणी उरत नाही. रिकामे हमाल साचत जातात. पेशीत या रिकाम्या हमालांवर डोळा ठेवणारं एक प्रथिन असतं, जीसीएन-२. ते धोक्याची घंटा वाजवतं: माल संपला! मग पेशी दुष्काळातल्या घरासारखी वागू लागते. चूल पेटती ठेवायची, लग्नकार्य पुढे ढकलायचं. टी-एच-१७ होणं हे तिच्या लेखी अशा पुढे ढकललेल्या कार्यांपैकी एक.

भूक खरी नाही, कोठार भरलेलं आहे. याचा पुरावा तर फार देखणा आहे. संशोधकांनी पेशींना जादा प्रोलिन घातलं. प्रोलिनने गर्दी करून औषधाला जागेवरून हटवलं आणि भुकेचा आव संपला. टी-एच-१७ पेशी पुन्हा तयार होऊ लागल्या. कोणतं एन्झाइम फसतंय, हे २०१२ साली हार्वर्डच्या गटाने सांगितलं.

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत त्या एन्झाइमचं स्फटिकचित्र मिळालं. हॅलोफ्युजिनोनच्या रेणूचं एक टोक प्रोलिनचं सोंग घेऊन प्रोलिनच्या खुर्चीत बसलं होतं. दुसरं टोक टी-आरएनएच्या शेवटच्या अक्षराचं सोंग घेऊन त्याच्या खुर्चीत. मण्याची जागाही अडली, हमालाचीही. आणि या तोतयाला तिथे घट्ट धरून ठेवत होतं एटीपी, पेशीचं स्वतःचं ऊर्जाद्रव्य! एका झुडपाने आपल्या मुळात असा रेणू घडवावा, आणि तो आपल्या पेशींच्या इतक्या आतल्या कुलपात बसावा, हे वाचून मी कितीतरी वेळ पुढच्या ओळीवर गेलो नव्हतो.

तेच एन्झाइम हिवतापाच्या परजीवीतही असतं आणि तिथेही हाच रेणू त्याला अडवतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी उतरवलेला ताप आणि बोस्टनच्या काचपात्रात थांबलेली टी-पेशी, दोन्हींमागे एकच कुलूप.

सोरायसिस किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्याला डॉक्टर आज हे औषध लिहून देत नाहीत, आणि मुळी आणून घरी उकळून पिणं तर सरळ धोक्याचं आहे. या औषधी घराण्याची उलट्यांची खोड आजही पुढच्या वाटेत उभी आहे. चिनी वैद्यांची तिच्याशी ओळख फार जुनी. म्हणून ते मुळीचे काप आधी मद्यात मुरवतात आणि मग मंद आचेवर परततात.